ग्रुपवर बारावीचे भौतिकशास्त्र: शैक्षणिक वर्षभराच्या वापरानंतर

वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात मी गुजरात बोर्डाच्या बारावी विज्ञान शाखेच्या मुलांची भौतिकशास्त्राची शिकवणी घेतो. जूनपासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत वर्गाच्या जोडीला व्हॉट्सॲप ग्रुप चालवला. माझे मत असे झाले आहे की शिकवण्यासाठी ग्रुपचा फारसा उपयोग नाही. अडलेले विचारण्यासाठी आणि मुलांनी एकमेकांच्या वह्या तपासण्यासाठी मात्र त्याला तोड नाही.

सुरुवातीचे दोन महिने ‘गुड मॉर्निंग’, अंगठे आणि ‘सर, उत्तर पाठवा ना’ यांतच गेले. एखाद्याने उत्तर टाकले की बाकीचे ते आयते उतरवून मोकळे होत. मग नियम केला की प्रश्न विचारणाऱ्याने स्वतः सोडवलेल्या पानाचा फोटो आधी टाकायचा, मग तो अर्धवट असो की चुकलेला. नवरात्रात गरब्यामुळे ग्रुप जवळजवळ ओस पडला, पण दिवाळीनंतर या नियमाचा गुण दिसू लागला. एका मुलीने बहिर्वक्र भिंगाचे उदाहरण टाकले होते: नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर. वस्तूचे अंतर तिने धन घेतल्याने प्रतिमा १२ सेमीवर आली होती. दुसऱ्या मुलाने त्याच फोटोवर लाल रंगाने गोल करून उणे चिन्ह घातले आणि ‘आता परत कर’ एवढेच लिहिले. थोड्या वेळाने तिचे ६० सेमी आले. वर्गात मी फळ्यावर चिन्हसंकेत कितीदा तरी लिहिला असेल, पण सोबत्याने दाखवलेली चूक जास्त लक्षात राहते. व्हॉइस मेसेजमध्ये ही मुले गुजरातीत सुरुवात करून मराठीत कधी शिरतात, हे त्यांचे त्यांनाही कळत नसावे!

नोट्ससाठी टेलिग्राम बरे पडले, कारण मागाहून आलेल्या विद्यार्थ्यालाही जुना मजकूर पाहता येईल अशी सोय तिथे ठेवता येते. तिथला क्विझ पोलही उपयुक्त आहे: पर्याय निवडताच बरोबर उत्तर आणि आपण जोडलेले छोटे स्पष्टीकरण दिसते, त्यामुळे बोर्डाच्या बहुपर्यायी विभागाचा सराव जाता-येता होतो. सूत्रांच्या सिद्धता मात्र मोबाइलवर शिकवण्याच्या भानगडीत पडू नये. त्या वहीत आणि समोरासमोरच व्हाव्यात.

मोठ्या ग्रुपमध्ये बोलणारे ठरावीकच असतात. पाच-सहा जणांचे छोटे ग्रुप केल्यावर, वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलेही लिहू लागली. रात्री दहानंतर मुख्य ग्रुपवर ‘फक्त ॲडमिन’ ही सेटिंग चालू ठेवतो, नाहीतर जागरणे होतात. काही पालक आग्रहाने ग्रुपमध्ये आले होते. ते असेपर्यंत चुकलेल्या पानांचे फोटो येणे जवळपास थांबले होते. येत्या जूनपासून त्यांच्यासाठी हजेरी आणि वेळापत्रकाचा वेगळा ग्रुप असेल.