मॅडिसन प्रोजेक्टची फाइल: दोन वर्षं वापरून मग लिहिते आहे

वडोदऱ्याला दांडिया बाजारात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, गेली बावीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. निम्मी मुलं मराठी, निम्मी गुजराती. त्यामुळे ‘दरडोई उत्पन्न’ आणि ‘माथादीठ आवक’ हे दोन्ही शब्द माझ्या तोंडात सारखेच बसलेत. आज ज्या वस्तूबद्दल लिहिते आहे ती दुकानात मिळत नाही आणि तिला एक पैसाही पडत नाही. नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन विद्यापीठ ती सांभाळतं. जगातल्या देशांच्या दरडोई उत्पन्नाची ही एक एक्सेल फाइल आहे. अँगस मॅडिसन नावाच्या अर्थतज्ज्ञाने आयुष्यभर हे आकडे जमवले. ते २०१० मध्ये गेले, आणि बरोबरच्या लोकांनी काम पुढे चालू ठेवलं. २०२३ च्या आवृत्तीत १६९ देश आहेत आणि आकडे २०२२ पर्यंत येतात.

मी तिच्याकडे वळले ते एका गाइडमुळे. नाव घेत नाही. त्यातल्या तक्त्यात सुरुवातीचं उत्पन्न स्थिर किमतींना (एका ठरलेल्या वर्षाच्या भावांनी) आणि शेवटचं चालू किमतींना (त्या त्या वर्षाच्या भावांनी) दिलं होतं, आणि खाली प्रश्न होता: ‘उत्पन्न किती पटीने वाढले?’ मुलांनी भागाकार करून आणला. उत्तर गाइडच्या मागे दिलेल्या उत्तराशी जुळलं म्हणून मुलं खूश. मला रात्री झोप लागली नाही. २०१४-१५ मध्ये भारताचं दरडोई उत्पन्न ८६,६४७ रुपये होतं आणि २०२२-२३ मध्ये ते १,७२,००० च्या घरात गेल्याचं सांगितलं गेलं, म्हणजे जवळपास दुप्पट. पण महागाई बाजूला काढून २०११-१२ च्या किमतींना मोजलं तर ७२,८०५ चे ९८,११८ झाले, म्हणजे वाढ सुमारे पस्तीस टक्के. दोन्ही आकडे सरकारीच, दोन्ही खरे. पण कोणत्या प्रश्नाला कोणता आकडा, हे मुलांना कळलं नाही तर मी काय शिकवलं?

दुसऱ्या दिवशी एका मुलीने वर्गात विचारलं, “मॅडम, आजोबांना १९७४ मध्ये ४८० रुपये पगार होता. पप्पांना आता ४८ हजार. म्हणजे आम्ही शंभरपट श्रीमंत झालो का?” मी उठून आतून मामंजींचा रोजमेळ आणला. लाल कापडाच्या पुठ्ठ्याचा, दिवाळीला चोपडा पूजतात तसा पूजलेला, पहिल्या पानावर अजून कुंकवाचा डाग आहे. मामंजींनी रोजचा खर्च लिहिला, अगदी भाजीच्या दहा पैशांसकट. गुजरातेतलं नवनिर्माण आंदोलन विद्यार्थ्यांच्या मेसच्या बिलावरून पेटलं, तेव्हाची ती पानं. सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, पंधरा किलोचा डबा: १२८ रुपये. त्या ओळीखाली मामंजींनी दोनदा रेघ ओढली आहे, इतकं ते महाग वाटलं असणार.

मग आम्ही हिशेब डब्यांत केला. ४८० रुपयांत तेव्हा पावणेचार डबे येत होते. आज आमच्या वाण्याकडे डबा २,८०० ला आहे, म्हणजे ४८ हजारांत सतरा डबे. शंभरपट नाही, साडेचारपट. मुलगी थोडी हिरमुसली, पण लगेच म्हणाली, “मग शंभरपटीतलं बाकीचं कुठे गेलं?” बाकीचं भावात गेलं. एका तेलाच्या डब्यावर देशाचा हिशेब होत नाही हे खरंच, म्हणून वर्ग सुटल्यावर फाइल उघडली आणि १९७४ व २०२२ या दोन ओळी शोधल्या. देशाची वाढ पाचपटीच्या पुढे निघाली. मामंजींचा रोजमेळ आणि ग्रोनिंगेनची फाइल एकाच सुमाराचं बोलत होत्या, याचा मला मनापासून आनंद झाला.

या फाइलचं खरं मोल इथे आहे. आपल्याकडे जुने अंदाज पुष्कळ आहेत. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी माणशी वर्षाला २० रुपये काढले. हेच दादाभाई १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण होते, हे आमच्या गावच्या मुलांना सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं. त्यांनी नुसता आकडा काढला नाही. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्चतं ते शेजारी मांडलं, आणि तो खर्च २० रुपयांहून जास्त निघाला. नंतर अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ साठी ६२ रुपये काढले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती बसली. त्यात राव होते आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. त्यांचा १९४८-४९ चा आकडा २४७ च्या आसपास. आता फळ्यावर लिहा: २०, ६२, २४७, १,७२,०००. ही ओळ वाचून मुलांना वाटतं देश सतत वरच चढत होता. पण चारही ठिकाणचा रुपया वेगळा, मोजायची पद्धत वेगळी, नकाशासुद्धा वेगळा. मॅडिसनच्या फाइलीत सगळे देश, सगळी वर्षं एकाच मापाने मांडलेली आहेत: २०११ सालचे डॉलर, तेही त्या त्या देशात पैशाला काय मिळतं ते धरून.

असं एकाच मापाने पाहिलं की चित्र पार बदलतं. मॅडिसनचे जुने तक्ते १९९० च्या डॉलरमध्ये होते आणि ते मला पाठच झालेत. भारत १८२० मध्ये ५३३, १८७० मध्येही ५३३. १९१३ मध्ये ६७३. आणि १९५० मध्ये ६१९. म्हणजे पहिल्या महायुद्धाआधी माणशी जे होतं, त्याहून प्रजासत्ताक झालो त्या वर्षी कमी होतं. तेवढ्याच काळात, १८२० ते १९५०, ब्रिटन १,७०६ वरून ६,९३९ वर गेला. मी हे आकडे वाचते तेव्हा माझा आवाज बदलतो असं मुलं म्हणतात. बदलू दे. एकशेतीस वर्षांत किती पिढ्या राबल्या, आणि माणशी जवळजवळ तेवढंच.

१९१८ ची ओळ मुलांना मुद्दाम बघायला लावते. आकडा एकदम खाली येतो. पाऊस गेला होता आणि त्याच वर्षी मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ आली. माझ्या पणजीची दोन मुलं त्यात गेली, वाडीतल्या घरात, आठवड्याच्या अंतराने. आणि इथे एक गोष्ट सांगावीच लागते: दरडोई म्हणजे भागाकार. माणसं मेली की खालची संख्या लहान होते, आणि पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला तर माणशी आकडा लगेच सावरलेला दिसतो. म्हणून मी शेजारचा लोकसंख्येचा रकानाही वाचायला लावते. १९११ ते १९२१ या दशकात आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर आली. माणशी उत्पन्नाच्या रकान्यात ती मुलं दिसत नाहीत.

१९५० नंतरचं मुलांना आपसूक पटतं. सुरुवातीची तीस वर्षं माणशी वाढ वर्षाला दीड टक्क्याच्या आतबाहेर, म्हणजे दुप्पट व्हायला जवळपास पन्नास वर्षं. सत्तरला वाढीच्या दराने भागायचं, हा आडाखा मुलं लगेच उचलतात. वाढ पाच टक्के असली की चौदा वर्षांत दुप्पट. दक्षिण कोरियाचा हिशेब मी त्यांनाच करायला देते, त्याच जुन्या तक्त्यांवरून: १९५० मध्ये ७७०, म्हणजे आपल्याहून फार पुढे नाही, आणि १९९८ मध्ये १२,१५२. जवळजवळ सोळापट. त्याच काळात आपण ६१९ वरून १,७४६. एकदा एक मुलगा बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “मॅडम, एवढा फरक दोन-चार टक्क्यांनी पडतो?” हो, वर्षानुवर्षं टिकले तर पडतो.

वापरणाऱ्यांसाठी काही गोष्टी. आलेख साध्या पट्टीवर काढू नका. साध्या पट्टीवर सगळा इतिहास जमिनीला चिकटतो आणि शेवटची चाळीस वर्षं भिंतीसारखी उभी राहतात. एक्सेलमध्ये उभ्या अक्षाला लॉग पट्टी निवडा. मग समान चढ म्हणजे समान टक्केवारी, आणि १९५० पासूनची रेघ हळूहळू कशी उभी होत गेली ते नीट दिसतं. लोकसंख्या हजारांत दिलेली आहे. आमच्याकडे पहिल्याच दिवशी भारताची लोकसंख्या चौदा लाख निघाली होती. आणि १९९० च्या डॉलरचे जुने आकडे नव्या २०११ च्या डॉलरच्या आकड्यांशी जोडू नका, पोरं हमखास जोडतात. जुन्या तक्त्यांतला १९४७ आधीचा भारत म्हणजे पाकिस्तान-बांगलादेशसकट, हेही ध्यानात ठेवा.

फार जुने आकडे जपून वापरावेत. सतराव्या शतकाचे अंदाज पिकं, कापड, मजुरी यांवरून बांधलेले असतात. आईन-ए-अकबरीतले भाव आणि मजुरी त्यासाठी कामी आली आहे. ब्रॉडबेरी, बिष्णुप्रिया गुप्ता आणि कस्टोडिस या संशोधकांच्या मोजणीत १६०० मध्ये भारताचं माणशी उत्पन्न ब्रिटनच्या साठ टक्क्यांहून जास्त होतं, आणि १८७१ पर्यंत ते पंधरा टक्क्यांच्याही खाली गेलं. मॅडिसनने स्वतः या काळात जवळजवळ सपाट रेघ धरली होती. संशोधकांचा असा फरक मी मुलांपासून लपवत नाही, उलट दोन्ही फळ्यावर लिहिते.

जे या फाइलीत नाही ते नाहीच. गुजरात नाही, मध्य प्रदेश नाही, आपलं शहर नाही. कोणाच्या वाट्याला किती आलं हे नाही. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं घरात केलेलं काम तर जगातल्या कुठल्याच राष्ट्रीय उत्पन्नात नाही. आणि आपल्या सरकारी ‘दरडोई उत्पन्ना’त घसारा (यंत्रं-इमारतींची झीज) वजा केलेला असतो, परदेशाशी झालेली उत्पन्नाची देवघेव मिळवलेली असते, फाइलीत देशांतर्गत एकूण उत्पादन आहे. परीक्षेत हा फरक विचारतात, म्हणून सांगून ठेवते.

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण कापला, कारण टिपा इतक्या आटोपशीर आहेत की नवख्याला शेजारी बसून समजवावं लागतं. शिक्षकांनी, स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी, आणि ज्यांच्या घरी जुना रोजमेळ किंवा पगाराची चिठ्ठी पडून आहे त्यांनी ही फाइल जरूर उतरवून घ्यावी. फोनवर उघडते, पण रकाने ओढताना बोटं दुखतात. लॅपटॉप असेल तर तोच बरा. आमच्या वर्गातली मुलं सध्या मामंजींच्या चोपड्यातले ज्वारी, साखर आणि रॉकेलचे भाव उतरवून घेत आहेत. १९७९ च्या दुष्काळापर्यंत पोचलीत.