आठ महिने डी५ पंप: वेग निम्मा केला, तापमान जवळपास तेच

संगणक पाण्याने थंड ठेवणारा वॉटर कूलिंगचा लूप, म्हणजे पाणी फिरवणारी बंद नळ्यांची साखळी, बांधायला घेतला तेव्हा पंप निवडण्यातच माझे दोन आठवडे गेले. डीडीसी ३.२ आणि डी५ अशी दोन मॉडेल समोर होती. डीडीसी ३.२ चा हेड, म्हणजे पाणी किती उंच ढकलता येतं तो आकडा, पाच मीटरच्या वर, डी५ चा चारच्या आसपास. कमाल प्रवाहात मात्र डी५ पुढे, ताशी १५०० लिटर. शेवटी पीडब्ल्यूएमवाला, म्हणजे मदरबोर्डच्या सिग्नलने वेग कमीजास्त करता येणारा, डी५ घेतला.

तो १५०० चा आकडा मोकळ्या पंपाचा. माझ्या लूपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णता पाण्यात घेणारे ब्लॉक, शिवाय पाणी थंड करणारे ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर. एवढा अडथळा पार करून फ्लो मीटरवर पूर्ण वेगात ताशी २५० लिटरच दिसतात, निम्म्या वेगात साधारण १२०. हे पाहून आधी मी हिरमुसलो होतो. मग हिशोब मांडला. ४०० वॉट उष्णता घेताना मिनिटाला दोन लिटर पाणी जेमतेम तीन अंशांनी तापतं, चार लिटर असेल तर दीड अंशाने. म्हणजे प्रवाह दुप्पट करून हाती दीड अंश, आणि त्यासाठी दिवसभर पंपाची घरघर ऐकायची. गेले सहा महिने तो निम्म्या वेगावरच आहे. प्रोसेसर फार तर दोन अंश जास्त दाखवतो. म्हणून आता कोणी विचारलं तर मी सांगतो, कमाल आकडे बाजूला ठेवा. निम्म्या वेगात पंप किती शांत चालतो ते बघा.

आवाजाचं पहिल्या आठवड्यात मला कोडंच पडलं होतं. बारीक गुणगुण थांबेना. बाजूच्या काचेवर तळहात टेकवला तर काच थरथरत होती. पंप मी थेट केसच्या (संगणकाच्या पेटीच्या) पत्र्यावर स्क्रूने आवळला होता. स्क्रू सैल करून खाली जाड फोम घातला आणि गुणगुण गेली. पंप बदलायची गरजच नव्हती.

केस लहान असेल तर मात्र डीडीसीच घ्या, आकाराने तो खूप आटोपशीर आहे. फक्त तो बुडाशी तापतो, तिथे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) किंवा वारा हवाच.

वायरिंगकडे नीट लक्ष द्या. डी५ पूर्ण वेगात २० वॉटच्या वर जातो आणि मदरबोर्डचा फॅन हेडर (पंख्याची वायर जोडायची जागा) बहुधा एक अँपिअरचा, म्हणजे १२ वॉटचा असतो. वीज थेट एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायमधून घ्या, हेडरला फक्त सिग्नलची वायर जोडा. आणि पाणी भरताना टाकी पंपाच्या वर ठेवा. आतला रोटर सिरॅमिकच्या गोळीवर फिरतो आणि त्याचं वंगण म्हणजे तेच पाणी. कोरडा पंप काही क्षणही चालवू नका.

मागच्या महिन्यात पाणी बदलताना पंप उघडला. रोटर नुसत्या चुंबकाने धरलेला, बोटांनी ओढला की निघतो. गोळीवर नख फिरवून पाहिलं, कुठेही चरा नव्हता. कडेला हिरवट चिकट थर होता, तो मऊ ब्रशने निघाला.