फ्रान्झ सेन हट, टायरॉल: चढ आपला, उतार त्यांचा

पावसाळ्यात पन्हाळा–पावनखिंड चालणाऱ्या आमच्या राजारामपुरीच्या ग्रुपमध्ये मी ऑस्ट्रियाहून परत आल्यापासून एकच चौकशी चाललीय: काकी, ते स्की टूरिंग (स्की लावून बर्फाचा डोंगर चढायचा आणि घसरत उतरायचं) आम्हाला झेपेल का? सगळ्यांसाठी एकदाच लिहिते.

फ्रान्झ सेन हट (डोंगरातलं मुक्कामाचं घर) ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतात, इन्सब्रुकजवळच्या श्टुबाई डोंगरात आहे. उंची २१४७ मीटर, बांधकाम १८८५ चं. सेन हे तिथले पाद्री. डोंगरातल्या गरीब गावांना पाहुण्यांमुळे चार पैसे मिळावेत म्हणून वाटा आणि हट उभ्या करायच्या मागे लागलेला माणूस. हिवाळ्यात खोऱ्यातून स्की लावून चढतच वर यावं लागतं. माझा भाचा इन्सब्रुकला असतो, गाईड त्यानंच ठरवला.

स्कीच्या तळाला स्किन नावाची पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असायची, आता मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) नाहीतर नायलॉनची. तिची लव एकाच दिशेला बसलेली असते, म्हणून स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बुटाचा चवडा अडकवलेला, टाच मोकळी. पाय उचलायचाच नाही, सरकवत न्यायचा. एकदा ती लय सापडली की नाद खुळा! फोर्डेर सोमरवांड या २६७६ मीटरच्या माथ्यापर्यंत पाचशे मीटरहून जास्त चढ आहे, पण सह्याद्रीत चालणाऱ्याला दम पुरतो. त्रास होतो तो वळणावर. तीव्र उतारावर एक स्की उचलून पार उलट्या दिशेला फिरवायची, मग दुसरी. तिथं गाईडनं माझा चांगलाच घाम काढला.

पैसे वसूल झाले ते गाईडमुळेच. आदल्या संध्याकाळी त्यानं टायरॉलचा हिमस्खलनाचा अंदाज नकाशासह समजावला. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, आमच्या वाट्याला दुसरी होती. तरी तीस अंशांच्या वरचा उतार आला की त्यानं एकेकालाच सोडलं. निघताना प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र) तपासला. फावडं आणि बर्फात खुपसायची लांब काठी सॅकमध्ये हवीच.

माथ्यावर स्किन काढायच्या, टाच लॉक करायची आणि खाली. इथं माझं गुलमर्गचं शिक्षण तोकडं पडलं. तिथं दाबून सपाट केलेला बर्फ होता, इथं वरून कडक पापुद्रा आणि आत भुसभुशीत. मी पडत, उठत, पुन्हा पडत आले. भाचा पुढे जाऊन फोटो काढत होता, ते ग्रुपवर टाकणार नाही.

हटमधलं क्नोडेल (पिठाचे गोळे) सूप आणि काईझरश्मार्न (फाडलेला गोड जाडसर पॅनकेक) भरपेट. झोपायची पातळ पिशवी, रोख युरो आणि आल्पाइन क्लबचं सभासदत्व असेल तर कार्ड जवळ ठेवा, बेडला सवलत मिळते. दहानंतर दिवे बंद, त्यामुळे गप्पा जेवतानाच उरकायच्या.

भाड्याचे बूट मात्र शहरातल्या एका दुकानानं घाईत गळ्यात मारले आणि नडगी सोलून निघाली. दुकानातच अर्धा तास घालून फिरा, एकच पातळ मोजा घालून.

हटला पाचपैकी पाच. ज्यांनी कधी स्की लावलेली नाही त्यांनी आधी गुलमर्ग किंवा औलीला कोर्स करावा, नुसत्या चढाच्या जोरावर निघू नये. बाकीच्यांनी मला फोन करा, गाईडचं भाडं चौघांत वाटलं तर परवडतं.