एनएफएस: कॅश चालू की ‘नोएसी’?
म्हापशातल्या आमच्या छापखान्यात चार लिनक्स मशीन एकाच एनएफएस फोल्डरवर, म्हणजे सर्व्हरवरच्या, नेटवर्कवरून वाटून घेतलेल्या फोल्डरवर चालतात. डीफॉल्टला फाइलची माहिती (आकार, बदलाची वेळ वगैरे) ३ ते ६० सेकंद, डिरेक्टरीची ३० ते ६० सेकंद कॅशमध्ये, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या तात्पुरत्या साठ्यात राहते. त्यामुळे फोल्डर झटकन उघडतो. पण चवथीच्या गर्दीत शेजारच्या मशीनवरून सेव्ह केलेली आरतीपुस्तिकेची फाइल मला दिसेचना. गिऱ्हाईक दारात उभं!

मग ही कॅश बंद करणारं ‘नोएसी’ (noac) लावलं. फाइल लगेच दिसू लागली, पण फोटोंच्या फोल्डरात ‘एलएस -एल’ (फाइलींची तपशीलवार यादी दाखवणारी आज्ञा) मारलं की प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरला विचारणा. शिवाय ‘नोएसी’त लिहिणंही सिंक होतं, म्हणजे लिहिलेलं सर्व्हरवर पोचेपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे कॉपी रखडते. सरसकट ते लावूच नये, असं माझं ठाम मत.

त्यापेक्षा माहिती किती सेकंद कॅशमध्ये ठेवायची ते ‘अॅक्टिमिओ’ने (actimeo) ठरवावं: चालू कामाला ‘अॅक्टिमिओ=३’, न बदलणाऱ्या जुन्या फोटोंना ‘अॅक्टिमिओ=६००’.