‘शेवटचा पीस’ म्हणून गळ्यात मारलेलं रेझिन किट

कोणी तुम्हाला कंपनीने बनवणं बंद केलेलं, विमानाच्या मोठ्या स्केलच्या मॉडेलचं रेझिन किट (रेझिनमध्ये ओतलेले सुटे पार्ट, घरी जोडायचे) ‘शेवटचा पीस आहे, नंतर मिळणार नाही’ असं सांगून विकत असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचून घ्या. मला एस.ई.५ए या जुन्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं १/१६ स्केलचं ओरिजिनल किट म्हणून जे विकलं गेलं ते रीकास्ट निघालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रीकास्ट म्हणजे मूळ कंपनीचं एक किट विकत घ्यायचं, त्याच्या पार्टांवर सिलिकॉन ओतून मोल्ड काढायचे आणि त्यातून कॉप्या मारत बसायचं. मास्टर, म्हणजे पहिला हाताने घडवलेला नमुना, बनवायला मूळ माणसाची वर्षं गेलेली असतात, यांचं काम दोन बादल्या सिलिकॉनमध्ये होतं. स्वस्तात कॉपी म्हणून उघडपणे विकणारेही असतात, ते चोर आहेतच, पण निदान तुम्हाला फसवत नाहीत. माझ्यावाला ओरिजिनलच्या नावाखाली विकत होता आणि भावही जवळपास ओरिजिनलचाच लावत होता, थोडासाच कमी. म्हणूनच संशय आला नाही. ‘फार स्वस्त मिळालं तर समजावं काहीतरी गडबड आहे’ हे सगळ्यांना पाठ असतं, आणि हे त्यालाही पाठ होतं.

एस.ई.५ए का, तर पहिल्या महायुद्धातलं माझं सगळ्यात आवडतं विमान. आपले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत हवाई लढाईत जे दहा विजय मिळवले ते ब्रिटिश हवाई दलाच्या ४० स्क्वाड्रनमध्ये हेच विमान उडवून, आणि २२ जुलैला ते गेले तेव्हा वय फक्त १९. किटच्या जाहिरातीत ४० स्क्वाड्रनचे डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि आकडे) आहेत असं लिहिलं होतं. बास, अजून काय पाहिजे. खऱ्या विमानाचा पंख ८.११ मीटर, म्हणजे १/१६ मध्ये जवळपास ५०.७ सेंटीमीटर, टेबलावर ठेवलं की टेबल भरतं. या साइजचं बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांचं विमान, नेहमीच्या इंजेक्शन प्लास्टिकच्या किटमध्ये फार कमी मिळतं, त्यामुळे माणूस रेझिनकडे वळतो, आणि तिथेच हे लोक जाळं लावून बसलेले असतात.

विकणारा बोलायला अगदी गोड. फोटो मागितले की लगेच पाठवायचा, बॉक्सचा, सूचनापुस्तिकेचा, एका पूर्ण बनवलेल्या मॉडेलचा. त्या मॉडेलवरचं रिगिंग, म्हणजे पंखांमधल्या ताणलेल्या तारा, बघून तर मी पाघळलोच. कास्टिंग ब्लॉकला (ओतताना पार्टाला जोडून राहणारा रेझिनचा ठोकळा) चिकटलेल्या सुट्या पार्टांचे जवळून काढलेले फोटो मात्र त्याच्याकडे कधीच ‘आत्ता’ नसायचे, बॉक्स सील आहे सर, उघडला तर किंमत पडेल. पटण्यासारखं आहे की नाही? मग पैशांची पद्धत. कमिशन वाचेल म्हणून मित्र-नातेवाइकांना पाठवतात तसे पाठवा म्हणाला. या पद्धतीत खरेदीदाराला संरक्षण नसतं, त्यामुळे मी नाही म्हटलं आणि नेहमीच्या मार्गाने पाठवले. तर साहेबांनी दुसरा डाव टाकला. आधी आठवडेच्या आठवडे पार्सल पॅक होतंय, मग ट्रॅकिंग नंबर आला पण त्यावर नुसतं लेबल बनल्याची नोंद, सामान कुरिअरकडे दिलेलंच नाही, मग कस्टम्समध्ये अडकलंय, मग घरी कोणीतरी आजारी आहे. आजारी माणसाचं नाव निघालं की आपण गप्प बसतो, हे त्याला बरोबर ठाऊक. पार्सल हातात पडलं तेव्हा तक्रार करायची मुदत नुकतीच संपलेली. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.

आता खरा मुद्दा. रेझिन किट कधीच परफेक्ट नसतं. चांगल्या कंपनीच्या किटमध्येही एखादा पंख थोडा वाकलेला असतो, कडेला फ्लॅश, म्हणजे जास्तीच्या रेझिनची पातळ झिल्ली, असते, एखाद-दुसरा बुडबुडा असतो, पार्ट मोल्डमधून सुटावेत म्हणून लावलेल्या रसायनाचा तेलकट थर असतो. हे सगळं आपण मान्य करूनच रेझिनच्या नादी लागतो. आणि या लोकांचा सगळा धंदा याच मान्यतेवर उभा आहे. मी एकेक दोष दाखवत गेलो आणि प्रत्येकाला उत्तर एकच, ‘सर, रेझिन असंच असतं’. नवीन माणूस असेल तर तो स्वतःलाच दोष देईल की आपल्याला जमत नाही. म्हणून रेझिनचा स्वाभाविक दोष कुठला आणि कॉपीचा दोष कुठला हे ओळखता यायला पाहिजे, तेवढंच सांगायला बसलोय.

चिकटपणा घ्या. पार्ट हाताला तेलकट लागले तर घाबरायचं नाही, कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश, तेल निघून जातं. माझे पार्ट दोनदा धुतले तरी चिकटच, बोट दाबलं की ठसा उमटायचा आणि वास यायचा. पॉलियुरेथेन रेझिन दोन भागांचं असतं, दोन्ही भाग ठरलेल्या प्रमाणात मिसळले नाहीत तर ते कधीच पूर्ण पिकत नाही. हा तेलाचा थर नाही, आतूनच कच्चा माल आहे. त्यावर प्रायमर (रंगाआधीचा थर) मारला तर मास्किंग टेपबरोबर सालासारखा निघून आला.

वाकलेल्या पंखाचं तसंच. गरम पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की सपाट काचेवर दाबून सरळ करायचा, मग गार पाण्यात टाकायचा, चांगलं रेझिन सरळ राहतं. माझा वरचा पंख रात्री सरळ आणि सकाळी परत केळ्यासारखा. बायप्लेनमध्ये वरचा पंख म्हणजे सगळा जीव, तो चार-सहा काड्यांवर, म्हणजे स्ट्रटवर, तोललेला असतो, तो लोंबला की संपलं. म्हणून शहाण्या कंपन्या एवढ्या मोठ्या पंखात आणि स्ट्रटमध्ये धातूची तार घालून कास्टिंग करतात. आणि इथेच माझी खात्री पटली. प्रत्येक स्ट्रटच्या टोकाला एक बारीक गोल खुंटी होती, टाचणीएवढी जाड, स्ट्रटपेक्षा वेगळीच दिसणारी, बाकीचा स्ट्रट चपटा आणि ही खुंटी एकदम गोल गुळगुळीत. रंग मात्र तोच, क्रीम. नखाने जरा ढकलली तर टक करून तुटली. आतून रेझिन. म्हणजे मूळ किटमध्ये तिथे स्टीलच्या तारेचं टोक बाहेर आलेलं होतं, या पठ्ठ्याने तारेसकट सगळ्याचा साचा काढला आणि तारेची सुद्धा रेझिनमध्ये कॉपी मारली! मी हसलो की रडलो ते आठवत नाही. असा स्ट्रट पंखाचं वजन घेणार कसा, रिगिंगचा ताण तर लांबच राहिला.

मग मोजपट्टी काढली. रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं, मूळ कंपनी हे धरून मास्टर बनवते. कॉपीवाला आकसलेल्या पार्टाचा साचा काढतो आणि त्यात ओतलेलं परत आकसतं. माझा वरचा पंख ५०.७ ऐवजी ५० सेंटीमीटरच्या जरासाच वर भरला, पण ‘मूळ किटच तेवढं असेल’ असं तो म्हणू शकतो, आणि म्हणालाच. त्यामुळे नुसत्या मापावर भांडू नका. त्याऐवजी पार्ट एकमेकांशी ताडून बघा. खालचा डावा आणि उजवा पंख पाठीला पाठ लावून धरले तर एक दुसऱ्यापेक्षा दोन मिलिमीटर आखूड, म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या पिढीच्या मोल्डमधून आलेले. आणि फोटोएच, म्हणजे पातळ पितळी पत्र्यातले कोरलेले बारीक भाग, ते सिलिकॉनमध्ये कॉपी होत नाहीत, ते स्कॅन करून मूळ मापात परत कोरून घ्यावे लागतात. पितळ मूळ मापाचं, कॉकपिट आकसलेलं. इन्स्ट्रुमेंट पॅनल आत जाईचना, दोन्ही बाजूंनी घासावं लागलं असतं. ओरिजिनल किटमध्ये असं चुकूनही होत नाही असं मी म्हणणार नाही, पण पितळाचे सगळेच्या सगळे भाग एकाच प्रमाणात मोठे निघाले तर समजून जा.

डिटेल तर विचारूच नका. व्हिकर्स मशीनगनच्या नळीवरच्या फटी बुजलेल्या, वरच्या पंखावरच्या लुईस गनचं गोळ्यांचं ड्रम साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, पंखावरच्या रिबच्या (आतल्या फासळ्यांच्या) पट्ट्या कुठे दिसतायत कुठे गायब. आणि पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी पिनहोल, शेकड्यांनी. हवा काढायला व्हॅक्यूम किंवा प्रेशर वापरलं नाही की असं होतं. एखादं भोक पुटीने भरता येतं, पण इथे प्रायमर मारला की नवीन भोकं उघडायची. ती घासून घासून धूळ खूप उडते, आणि रेझिनची धूळ फुफ्फुसाला वाईट, ओल्या पॉलिशपेपरनेच घासा आणि मास्क लावा, हे कॉपी असो की ओरिजिनल.

डेकलची गंमत वेगळी. पाण्यात टाकल्यावर पंखावरच्या गोल चिन्हाच्या निळ्या रंगाचा धूर निघाला, वाटीभर पाणी निळं. साध्या इंकजेटवर छापून वर लॅकरसुद्धा मारलेलं नव्हतं. शिवाय घरगुती प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही, म्हणून पांढऱ्या कागदावर छापलेले, म्हणजे प्रत्येक आकड्याभोवती पांढरी कड कापत बसायची. आणि ४० स्क्वाड्रनचं त्यात काहीही नव्हतं.

आणखी एक, ज्यावरून कळलं की याला विमानातलंही काही कळत नाही. जाहिरातीत लिहिलं होतं वुल्झली व्हायपर इंजिनवालं व्हर्जन. त्यावर दोन पात्यांचा पंखा असतो. गिअरवालं हिस्पानो-सुइझा असेल तर चार पात्यांचा. माझ्या बॉक्समध्ये नाक व्हायपरचं आणि पंखा चार पात्यांचा. दोन वेगवेगळ्या किटमधनं जे हाताला लागलं ते भरलेलं. विचारलं तर म्हणे दोन्ही चालतात सर. चालतात! फार्नबरोला रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत ज्यांनी हे विमान डिझाइन केलं त्यांनी ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

मी फोटो काढून मूळ किट बनवणाऱ्याला पाठवले. त्याचं उत्तर आलं आणि सभ्यपणे आलं, की आमच्या पंखात आणि स्ट्रटमध्ये स्टील असतं, हे किट आम्ही कधीच बंद केलं, हे आमचं नाही. आणि ब्लॉक बघ म्हणाला. कास्टिंग ब्लॉकच्या खाली ते स्वतःची खूण आणि पार्ट नंबर कोरतात. माझ्या ब्लॉकवर नंबर होता, खुणेच्या जागी मात्र घासल्याचे आडवे ओरखडे, आणि ओरखडे सुद्धा कास्टिंगमध्येच आलेले. म्हणजे मोल्ड काढायच्या आधीच खूण उडवलेली. नजरचुकीने असं होत नाही.

विकणाऱ्याला हे सगळं लिहून पाठवलं. तर म्हणाला, खराब पार्ट बदलून देतो पण आधी पाच स्टारचा रिव्ह्यू टाका, मग पाठवतो. याच्या नादाला अजिबात लागू नका. एकदा रिव्ह्यू पडला की तुमच्या तक्रारीला कोणी विचारत नाही, आणि पुढच्या माणसाला फसवायला तुमचंच नाव वापरलं जातं. त्याचे जुने रिव्ह्यू मग नीट वाचले, बहुतेक सगळे ‘पार्सल मिळालं, पॅकिंग छान’ असलेच, बनवून दाखवलेलं मॉडेल एकाचंही नाही. रेझिन किट घेणारे बॉक्स कपाटात ठेवून देतात आणि वर्षानुवर्षं उघडत नाहीत, त्यामुळे फसलोय हे अर्ध्या लोकांना अजून कळलंही नसेल. तुमच्याकडे असं बंद किट पडलं असेल तर आजच उघडा, तक्रारीची मुदत तुम्ही पार्ट बघेपर्यंत थांबत नाही.

घेण्याआधी काय मागायचं ते सांगतो. प्रत्येक ब्लॉकच्या तळाचा फोटो, शेजारी आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसकट. स्ट्रटच्या टोकाचा फोटो, धातू चमकला पाहिजे. जमलं तर पंखाला छोटं लोहचुंबक लावून दाखवा म्हणावं, आत स्टील असेल तर किंचित तरी ओढतं, अर्थात पितळ असेल तर नाही ओढणार, म्हणून मूळ किटमध्ये काय होतं ते आधी विचारून ठेवा. बॉक्स सील आहे म्हणून फोटो देत नाही असं म्हणाला तर नमस्कार करून निघा. आणि पार्सल हलत नसेल तर आजारपण, कस्टम्स, काही ऐकायचं नाही, मुदतीच्या आत तक्रार टाकून द्यायची. सामान आलं की मागे घेता येते, मुदत गेली की टाकता येत नाही.

पैसे परत मिळालेले नाहीत, मिळतील असं वाटतही नाही. त्याचं ते जुनं खातं आता बंद आहे, पण तोच बनवलेल्या मॉडेलचा फोटो घेऊन दुसऱ्या नावाने परत कोणीतरी हेच किट विकतंय. माझ्या किटच्या खालच्या उजव्या पंखाला, आतल्या बाजूने, बुंध्यापासून बोटभर अंतरावर कोणाच्या तरी अंगठ्याचा सुपरग्लूमधला ठसा आहे, रेझिनमध्ये कास्ट झालेला, रेघा सुद्धा मोजता येतील इतका स्वच्छ. सगळ्या किटमध्ये तेवढं एकच डिटेल नीट उतरलंय. तुम्हाला कोणी १/१६ चं एस.ई.५ए दाखवलं तर तेवढ्या जागेचा फोटो मागा, ठसा दिसला तर याच मोल्डमधला माल आहे.