एल ग्रान कोम्बो: कुठली रेकॉर्डिंग घ्यावीत आणि कशी वाजवावीत

साल्सा, म्हणजे कॅरिबियनकडचं नाचाचं संगीत, ऐकायला किंवा त्यावर पावलं शिकायला सुरुवात करायची असेल, तर पोर्तो रिको बेटावरच्या एल ग्रान कोम्बो या बँडपासून करा. पियानोवादक राफाएल इतिएर यांनी रफाएल कोर्तिहोच्या बँडमधून बाहेर पडलेले साथीदार घेऊन १९६२ मध्ये तो उभा केला. तिकडचे लोक त्याला साल्साचं विद्यापीठ म्हणतात आणि ते मनापासून पटतं. इथे कुणीच गरजेपेक्षा एक सूर जास्त वाजवत नाही, त्यामुळे प्रत्येक वाद्य वेगळं काढून ऐकता येतं.

या बँडची ओळख म्हणजे सॅक्सोफोन. त्याच बेटावरची दुसरी बँड सोनोरा पोन्सेन्या चार ट्रम्पेट लावते, तिचा आवाज लखलखीत. ग्रान कोम्बोत दोन ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांना खालून आधार देणारा एक ट्रॉम्बोन. ट्रम्पेटची धार राहते, पण टोचत नाही. तासभर सलग ऐकलं तरी कान थकत नाहीत.

आता तालाकडे या, खरी अडचण तिथेच येते. पावलं आठ मात्रांत मोजतात: १, २, ३ वर पाऊल, ४ ला थांबायचं, ५, ६, ७ वर पाऊल, ८ ला थांबायचं. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळून तयार झालेले सोलापूरचे पाय ताकदीचे असतात, पण त्यांना हलगीच्या ठोक्यावर जोरात पडायची सवय असते. ४ आणि ८ रिकामे सोडणं त्यांना जड जातं. त्यात बास फसवतो. आपण सम खर्जात शोधतो, आणि इथला बास समेवर बहुतेक वेळा वाजतच नाही. दर चार मात्रांत अडीचाव्या आणि चौथ्या मात्रेला तो वाजतो, चौथ्याचा सूर पुढच्या समेवर ओढला जातो. बासच्या मागे लागलेला नाचणारा हमखास एक मात्रा आधी निघतो.

त्याऐवजी घंटा, म्हणजे काठीने वाजवायची काउबेल, ऐका. कडवं चालू असताना टिंबाल्सवाला (टिंबाल्स म्हणजे धातूच्या ड्रमची जोडी) काठीने ड्रमच्या पत्र्याच्या कडेवर वाजवतो. गायक आणि कोरसचे सवाल-जवाब सुरू झाले की बोंगोवाला बोंगो (हाताने वाजवायची छोट्या ड्रमची जोडी) ठेवून हातात घंटा घेतो आणि तिचा मोकळा ठोका १, ३, ५, ७ वर देतो. तो सापडला की पाय सापडले. कोंगाची, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच ढोलाची, चापट २ आणि ६ वर. क्लावेचे, म्हणजे दोन लाकडी दांडक्यांवर वाजणाऱ्या मूळ तालाचे, पाच ठोके, गाणं दोन-तीनमध्ये (आधी दोन ठोके, मग तीन) असेल तर, २, ३, ५, साडेसहा आणि ८ वर. ते टाळीने धरा, पायाने नको.

गायकांची गोष्ट या बँडच्या वारशाचा गाभा आहे. पेयिन रोद्रिगेस १९७३ मध्ये बँड सोडून गेले, आंदी मोंतान्येस १९७७ मध्ये, चार्ली अपोन्ते चार दशकं गाऊन २०१४ मध्ये. एकेका आवाजावर दुसरा बँड तरला असता. इथे पुढे नाचत गाणारे तिघे बदलले, पण मागची बांधणी इतिएर यांनी ढिली होऊ दिली नाही. सुरुवात १९७५ च्या ‘उन वेरानो एन नुएवा यॉर्क’ या गाण्यापासून करा, त्यात मोंतान्येस आहेत. मग १९८२ चा विसाव्या वर्षाचा अल्बम. पुढची डिजिटल रेकॉर्डिंग स्वच्छ आहेत, पण थोडी गुळगुळीत. शिकायला सत्तरच्या दशकातलीच सरस.

वाजवताना बास आणि ट्रेबल वर, मधलं खाली, ही लग्नाच्या डीजेची सेटिंग करू नका. पियानो आणि कोंगा मधल्या पट्ट्यातच असतात, तेच गायब होतात. सबवूफर निम्म्यावर आणा, नाहीतर बासचे सूर एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरते. त्या काळच्या स्टिरिओत वाद्यं डावी-उजवीकडे वाटलेली असतात. एकच स्पीकर असेल तर फोनमध्ये मोनो चालू करा, नाहीतर एका बाजूची वाद्यं ऐकू न येण्याची शक्यता असते. सरावासाठी वेग ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नका, घंटेचा ठोका फाटतो.

शहाबादी फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत घंटा आणि ट्रम्पेट घुमतात. स्पीकरसमोरच्या भिंतीवर दोन जाड सोलापुरी चादरी भिंतीपासून चार इंच अंतर ठेवून, चुण्या पाडून टांगा. खर्जाला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून दोनेक फूट पुढे ओढावा लागतो. पत्र्याच्या हॉलमध्ये मात्र चादरींनी भागत नाही, तिथे आवाजच कमी ठेवा आणि नाचणाऱ्यांच्या दोन बाजूंना दोन छोटे स्पीकर लावा.

जुन्या रेकॉर्डिंगना पाचपैकी पाच, नव्यांना साडेतीन.