२३,१९० रुपयांचा न बदललेला ट्रान्सफॉर्मर

आधीच सांगतो, मी या विषयात अडाणी नाही. पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये एकतीस वर्षं काढलीत. म्हणूनच तर हे लिहायला चार महिने लागले. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. इथे सांगतो, २३,१९० रुपये.

यंत्र म्हणजे टेक्ट्रॉनिक्स ४६५. शंभर मेगाहर्ट्झ, दोन चॅनेल, सत्तरच्या दशकातला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र. आमच्या लॅबमध्ये एक होता, त्याला हात लावायचा तर मलासुद्धा साहेबांना विचारावं लागे. तसाच एक पुण्याच्या जुन्या बाजारात पथारीवर दिसला आणि ६,५०० ला घेतला. लावल्यावर पुढचे दिवे लागले, पंखा फिरला, पडद्यावर रेघ मात्र नाही. म्हणजे बिघाड पॉवर सप्लायमध्ये, आतल्या सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या भागात. हे कोणीही सांगेल.

मग स्वतः का नाही उघडला? मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही अशी ताकीद, आणि हे दहा किलोचं धूड. आत पिक्चर ट्यूबचे हजारो व्होल्ट. बायकोने स्क्रूड्रायव्हरच कपाटात टाकला. व्हॉट्सअॅपवर कोणीतरी एक नंबर दिला, 'जुन्या स्कोपचा हाच एक माणूस'. गोड बोलणं, दर वाक्याला 'काका'. परगावचा होता. कुरिअरने पाठवला.

पैसे कसे गेले ते नीट वाचा, कारण एकदम कोणी मागत नाही. तपासणीचे २,०००. कपॅसिटरच्या सेटचे ४,८००. मग फोन: "काका, मागचा स्विच ११५ वर होता. तुम्ही तसाच २३० ला लावलात का?"

इथे मी गार पडलो. अमेरिकन माल, मागे ११५-२३० चा स्विच असतोच. मी बघितला होता का? बघितला असणार. पण त्या क्षणी आठवेना. चूक आपलीच असं एकदा वाटलं की माणूस घासाघीस करत नाही. ट्रान्सफॉर्मर जळालाय, अमेरिकेहून मागवावा लागेल, ११,५००. दिले.

आता ज्यावरून रात्री झोप उडते ते. त्याने 'जळालेल्या सप्लाय'चा फोटो पाठवला होता. काळवंडलेलं बोर्ड, मधे पिवळी टेप गुंडाळलेला काडेपेटीएवढा फेराइट ट्रान्सफॉर्मर, शेजारी ४०० व्होल्टचा कपॅसिटर. अहो, हा स्विचिंग सप्लाय, मोबाइलच्या चार्जरमध्ये असतो त्या जातीचा! ४६५ चा सप्लाय लिनियर, म्हणजे जुन्या पद्धतीचा. त्यात लोखंडी पट्ट्यांचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर, आणि रेल, म्हणजे ठरलेल्या व्होल्टच्या पुरवठ्याच्या लाइनी, पाच: उणे ८, आणि अधिक ५, १५, ५५, ११० व्होल्ट. तिथे ४०० व्होल्टच्या कपॅसिटरचं कामच काय? हा फरक मी दर वर्षी फळ्यावर काढून शिकवलाय. आणि मी उत्तर काय दिलं? "बापरे." खाली हात जोडलेले.

एका डोळ्याने बघत होतो, फोटो अंधुक होता, हे सगळं खरं आहे. पण दिवे लागत होते, पंखा फिरत होता, फ्यूज शाबूत होता, हे तर डोळ्यांशिवायही कळतं. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरवर दिवे लागतात का?

पुढे कस्टम ड्युटी ३,७४०, तीही त्याच्याच यूपीआयवर. कस्टमचे पैसे कुरिअर कंपनी किंवा पोस्ट पावती देऊन घेतं, दुरुस्तीवाल्याच्या खात्यावर कधीही भरू नका. शेवटी परतीच्या कुरिअरचे १,१५०. स्कोप आला. रेघ नाही. त्याचा फोन बंद.

तोवर डोळा बरा झाला होता. झाकण काढलं. ट्रान्सफॉर्मरच्या चारही नटांवरचा कारखान्यातला लाल लाखेचा ठिपका जसाच्या तसा, वर धुळीचा थर. कपॅसिटर मात्र चकचकीत निळे. एकावर ब्लेडने चीर दिली तर निळं प्लास्टिक सालीसारखं सुटून आलं आणि खाली जुना डबा, त्यावर ७४१२. म्हणजे १९७४ सालचा बारावा आठवडा. पन्नास वर्षांच्या म्हाताऱ्याला नवा सदरा घातला होता, त्याचे ४,८००.

खरा बिघाड मला पाऊण तासात सापडला. १५ व्होल्टची रेल खाली बसलेली, तिच्यावरचा थेंबाएवढा टँटलम कपॅसिटर शॉर्ट. या काळातल्या स्कोपमध्ये हे नेहमीचं दुखणं. तपकीर गल्लीत पंधरा रुपयांना मिळाला.

(दुरुस्तीला द्यायच्या आधी स्क्रूंवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. काढलेले जुने भाग परत मागा, देत नसेल तर काम देऊ नका.)

आता तक्रारीची कथा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, पण अकरा दिवसांनी. पैसे त्याच्या खात्यातून निघून गेलेले. तुम्ही लगेच करा, तासाभरात. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार? पोलीस चौकीत तीन फेऱ्या. पहिल्या फेरीला, "आजोबा, हा टीव्ही आहे का?" दुसऱ्या फेरीला साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या फेरीला साहेब भेटले आणि म्हणाले, "वस्तू परत मिळाली ना? मग फसवणूक कुठे झाली?" मी निळी साल टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून बघितली आणि पेपरवेटखाली ठेवली. मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ म्हणालो, तर "वकील आहात का?" शिवाय माणूस परगावचा, तिकडे जा. झीरो एफआयआर कुठेही नोंदवता येतो म्हटल्यावर चहा मागवला, माझ्यासाठी नाही. ग्राहक आयोगात गेलो तर बिल कुठाय? बिल म्हणजे व्हॉट्सअॅपवरचा हाताने लिहिलेला कागद, जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, हे मात्र चांगलं आहे. पण नोटीस पाठवायची कुठल्या पत्त्यावर?

फोटो मागाल तर तुमच्याच यंत्राचा सिरियल नंबर आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून मागा. पाचही रेलचे आकडे मागा. ज्याने खरंच उघडलंय तो दोन मिनिटांत सांगतो. मला हे कोणी सांगायची गरज नव्हती, हेच तर दुखतं.

काल चौकीतून फोन आला. मला वाटलं, चला, हलले एकदाचे. तर त्यांना स्कोप माझाच आहे याचा पुरावा हवाय, खरेदीची पावती. जुन्या बाजाराची पावती! बुधवारी जाऊन बघतो, तो पथारीवाला सापडतो का.